नोकरी करून महालक्ष्म्या बसवायच्या आहेत? हे वाचा

पुण्याकडे ज्या गौरी त्याच आपल्या नागपुरात महालक्ष्म्या. यंदा सासूबाईंना जमत नाही आणि सगळं तुमच्यावर आलंय तर घाबरू नका, मी पण अशीच शिकली.

आधी कॅलेंडर बघा. अनुराधा नक्षत्रावर आणायच्या, ज्येष्ठावर पूजा-जेवण, मूळावर विसर्जन. सुट्टी एकच मिळून राहिली असेल तर मधल्या दिवसाची टाका.

खरी परीक्षा साडीची. मऊ सिल्क अजिबात नको, ती घसरतच राहते, जराशी कडक काठपदराची घ्या. निऱ्या आदल्या रात्रीच पलंगावर पसरून घाला, इस्त्री फिरवा आणि वर-खाली कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. कोठी (मुखवट्याखालचं धड) पोकळ असेल तर आत गहू भरा, रीत पण होते आणि ती डुगडुगत पण नाही. मग कमरेच्या जागी नाडा घट्ट बांधून त्यात निऱ्या खोचायच्या, पदर काढायचा, हात लावायचे आणि मुखवटा सगळ्यात शेवटी, नाहीतर साडी ओढता ओढता मुखवटाच खाली येतो (आमच्याकडे आलाय, नथ मोडली बिचारीची).

सोळा भाज्या म्हणजे सोळा गंज (पातेली) नाही बरं का, एकाच गंजात होतात. कोहळं, आलू, गवार आधी टाका, भेंडी-दोडकं मागून, कारल्याची एखादीच फोड. बाजारात सोळा भाज्यांचे वाटेच लावलेले असतात, तेच घ्या, निवडत बसू नका.

आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ रात्रीच ताकात कालवून ठेवा, सकाळी उकळत्या पाण्यात सोडताना हात थांबला की गुठळ्या झाल्याच समजा. पुरणपोळ्या लाटायला बाई सांगितली तर महालक्ष्मी रागावत नाही, सासूबाई रागावतात, पण दोन दिवसच. नवऱ्याला फुलोरा (महालक्ष्म्यांच्या वर टांगायचे करंज्या-पापड्या) बांधायला लावा, त्याची उंची कधी कामी येणार!

जेवायला सवाष्णी सांगतो तशा आम्ही आमच्या विधवा काकूंनाही ताटावर बसवतो. पहिल्या वर्षी थोडी कुजबुज झाली, आता कोणी काही म्हणत नाही.

विसर्जनाच्या अक्षता टाकल्या की मुखवटे सुती कपड्यात वेगवेगळे गुंडाळा, आणि डब्यावर ज्येष्ठा कोणती, कनिष्ठा कोणती ते लिहून ठेवा, पुढच्या वर्षी अर्धा तास त्यातच जातो.