हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि त्याच कंपनीचे समभाग: या चुका टाळा

ब्रिटनमध्ये छोटा व्यवसाय किंवा कंत्राटी काम करणाऱ्या अनेक मराठी मंडळींचा जमाखर्च आता ऑनलाइन सॉफ्टवेअरवरच चालतो. एखाद्या दिवशी त्याच सॉफ्टवेअर कंपनीकडून क्राउडफंडिंगचे, म्हणजे अनेकांकडून छोट्या रकमा घेऊन भांडवल उभारण्याचे, निमंत्रण येते आणि रोजच्या वापरातली वस्तू म्हणून ते विश्वासार्ह वाटते. एडिंबरा येथे २००७ साली सुरू झालेल्या फ्रीएजंट या हिशेबाच्या सॉफ्टवेअर कंपनीने २०१५ मध्ये सीडर्स या मंचावरून अशाच प्रकारे दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती ८४ पेन्स दराने लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात दाखल झाली आणि २०१८ मध्ये आरबीएस बँकेने प्रत्येक समभागाला १२० पेन्स देऊन, सुमारे ५ कोटी ३० लाख पौंडांना, ती विकत घेतली. गुंतवणूकदारांना बाहेर पडण्याची वाट मिळाली, असे उदाहरण या क्षेत्रात दुर्मिळ आहे. ते नेहमीचे मानून पैसे गुंतवणे हीच पहिली चूक होय.

दुसरी चूक म्हणजे सॉफ्टवेअर आवडते म्हणून समभाग घेणे. पावतीचा फोटो काढताच नोंद होते, व्हॅटचे विवरणपत्र दोन मिनिटांत जाते, याचे समाधान ग्राहक म्हणून योग्यच आहे. पण कमी शुल्कात भरपूर सोयी देणारी कंपनी ग्राहकाला जितकी परवडते, तितकीच ती भागधारकाला महागात पडू शकते. दरमहा किती ग्राहक सोडून जातात, एक नवा ग्राहक मिळवायला किती खर्च येतो आणि हाती असलेली रोकड किती महिने पुरेल, या तीन आकड्यांची उत्तरे माहितीपत्रकात नसतील, तर मंचावरील प्रश्नोत्तरांत ती लेखी मागावीत.

समभागांच्या अटी न वाचणे ही त्याहून महागात पडणारी चूक आहे. समभाग आपल्या नावावर राहणार की नॉमिनीच्या (आपल्या वतीने ते धारण करणाऱ्या संस्थेच्या), मताधिकार आहे की नाही, आणि मुख्यतः विक्रीच्या वेळी आधी पैसे घेण्याचा हक्क कोणाचा, हे पाहावे. समजा, पुढे एखाद्या मोठ्या निधीने ५० लाख पौंड घातले, ते प्रथम परत मिळण्याची अट घातली आणि कंपनी ४० लाखांना विकली गेली, तर साध्या भागधारकाच्या हाती काहीच पडत नाही. ईआयएस या छोट्या कंपन्यांतील गुंतवणुकीसाठीच्या ब्रिटिश करसवलत योजनेखाली ३० टक्के आयकर सवलत मिळते, पण समभाग किमान तीन वर्षे बाळगावे लागतात; त्याआधीच कंपनी रोख रकमेला विकली गेली, तर विक्रीचा निर्णय आपला नसतानाही सवलत काढून घेतली जाऊ शकते. कंपनी बुडाल्यास एफएससीएसची (वित्तीय सेवांच्या ग्राहकांसाठीच्या ब्रिटनमधील भरपाई योजनेची) भरपाई मिळत नाही. सामान्य गुंतवणूकदाराने अशा गुंतवणुकीत आपल्या निव्वळ गुंतवणूकयोग्य मालमत्तेच्या १० टक्क्यांहून अधिक घालू नये, ही नियामकाची मर्यादा मला तरी कमाल वाटते. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी गुंतवावे.

मात्र गुंतवलेली रक्कम बुडाली तर नुकसान तेवढ्यापुरतेच राहते. हिशेब अडकले तर धंदाच अडतो. कॅनडातील व्हँकुव्हरची बेंच ही हिशेबसेवा क्राउडफंडिंगवर उभी नव्हती, तिच्यामागे मोठे भांडवल होते, तरीही २७ डिसेंबर २०२४ रोजी तिने अचानक काम बंद केल्याचे जाहीर केले. काही दिवसांत तिला नवा मालक मिळाला. पण मधल्या काळात वर्षअखेरीच्या तोंडावर हजारो छोट्या व्यावसायिकांची झोप उडाली असणार. भागधारक असल्याने कंपनीची बातमी आपल्याला आधी कळेल, असे गृहीत धरू नये.

‘डेटा कधीही डाउनलोड करता येतो’ या आश्वासनावर मीही एकेकाळी निर्धास्त होतो. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तेव्हा खतावणी (खातेनिहाय नोंदींची वही) व्यवस्थित उतरली, परंतु चार वर्षांच्या पावत्या एका झिप फाइलमध्ये नुसत्या क्रमांकांच्या नावाने आल्या. कोणती पावती कोणत्या नोंदीची, याचा कुठेच मागमूस नव्हता. तारीख आणि रक्कम पाहून त्या जुळवण्यात माझे तीन शनिवार गेले. तेव्हापासून प्रत्येक तिमाहीअखेर मी तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावे शिल्लकांची यादी), संपूर्ण खतावणी, येणी-देणी आणि पावत्या उतरवून घेतो, आणि लॉगिन न करता त्या फाइल उघडून तेरजेच्या दोन्ही बाजू जुळतात का, हे तपासतो. व्हॅटची कागदपत्रे साधारणपणे सहा वर्षे जपण्याची जबाबदारी आपली असते, सॉफ्टवेअर कंपनीची नव्हे.

बँकेच्या नोंदी येणे थांबले, की कंपनी डबघाईला आली असे लगेच समजू नये. बहुतेक वेळा ओपन बँकिंगची (बँकेतील नोंदी सॉफ्टवेअरला पाहू देण्याच्या सोयीची) ९० दिवसांनी नव्याने द्यायची संमती राहून गेलेली असते. या काळात घाईने हाताने नोंदी केल्या, तर जोडणी पूर्ववत होताच त्याच नोंदी पुन्हा येतात आणि खर्च दुप्पट दिसू लागतो. म्हणून आधी संमती द्यावी, मग बँकेच्या विवरणातील शेवटची शिल्लक जुळवावी आणि उरलेली तफावतच हाताने भरावी.

सॉफ्टवेअर खरोखरच बंद पडणार असेल, तर शक्यतो व्हॅटच्या तिमाहीच्या सीमेवर स्थलांतर करावे. जुन्या तेरजेतील शिल्लक नव्या ठिकाणी आरंभीची शिल्लक म्हणून घ्यावी, नव्या सॉफ्टवेअरला एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) विवरणपत्र पाठवण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी आणि जुन्याची काढून घ्यावी. विवरणपत्राची मुदत, म्हणजे तिमाही संपल्यावर एक महिना आणि सात दिवस, कंपनी बंद पडली म्हणून आपोआप वाढत नाही. त्यामुळे जुन्या खात्यातले शेवटचे विवरणपत्र दाखल झाल्याची पोच हाती आल्याशिवाय त्याचे सदस्यत्व रद्द करू नये.