सामाजिक विश्वास मोजताना या चुका टाळा

उन्हाळा आला की एम.ए. आणि एमएसडब्ल्यूच्या मुलांच्या प्रश्नावल्या माझ्याकडे तपासायला येतात. कुणाचा विषय बचत गट, कुणाचा पाणी वापर संस्था, कुणाचा दूध संस्था. ‘परस्पर विश्वास आणि सहकार्य’ हे प्रकरण मात्र जवळपास सगळ्यांत असतं, आणि चुकाही दरवर्षी त्याच. घाई हे त्यामागचं मोठं कारण आहे. प्रश्न तयार मिळतो, गाव ठरलेलं असतं, मग थांबायचं कशाला, असं मुलांना वाटतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तयार प्रश्न शब्दशः मराठीत आणल्यामुळे. जागतिक मूल्य सर्वेक्षणात 1981 पासून एक प्रश्न आहे: बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना कितीही सावध राहिलं तरी कमीच? जगभरातले ‘या देशात विश्वास जास्त, त्या देशात कमी’ हे आकडे बहुतांशी या एका प्रश्नावर उभे आहेत. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही तो घेऊन गेलो, तेव्हा दुसरा पर्याय छापला होता ‘लोकांच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते’. दोन दिवस बायामाणसांनी भराभर तोच पर्याय निवडला. संध्याकाळी बसून आम्ही गावातल्या भाऊबंदकीवर आणि निवडणुकीतल्या गटबाजीवर चर्चा केली. अविश्वासाचं कारणही शोधून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी एका आजींच्या ओसरीवर मी स्वतः प्रश्न वाचला. आजी म्हणाल्या, “घ्यायलाच पाहिजे की बाबा काळजी. शेजारीण आजारी पडली तर तिला भाकरी कोण देणार?” त्यांनी निवडलेला पर्याय आमच्या कागदावर अविश्वासाचा होता आणि त्या बोलत होत्या माणुसकीबद्दल. मागचे फॉर्म काढून पाहिले, पण कुणी कोणत्या अर्थानं उत्तर दिलं हे कळायला मार्ग नव्हता. दोन दिवसांचे सगळे फॉर्म बाद केले. त्या घरांत पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारणंही बरं दिसेना, म्हणून दुसरी वाडी निवडावी लागली.

मराठी प्रश्नाचं दुसऱ्या कुणाकडून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून मूळ प्रश्नाशी ताडून पाहिलं असतं, तरी ही चूक सापडली नसती. भाषांतर करणारा शिकलेला असतो. ‘काळजी’चा आपल्याला हवा तोच अर्थ तो धरतो. तेव्हापासून मी ‘सावध राहावं लागतं’ असं लिहितो. शिवाय नमुन्यात, म्हणजे पाहणीसाठी निवडलेल्यांत, नसलेल्या पाच जणांना प्रश्न वाचून दाखवतो आणि विचारतो, “मी काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा.” अर्धा दिवस जातो. तो वाचवू नका.

याच प्रश्नातली दुसरी अडचण ‘बहुतेक लोक’ या शब्दांत आहे. कुणाच्या डोळ्यांसमोर भावकी येते, कुणाच्या वाडी, कुणाच्या एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस. डेल्ही, न्यूटन आणि वेल्झेल या अभ्यासकांनी 2011 साली 51 देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा हे वर्तुळ देशागणिक लहानमोठं निघालं. चीनमध्ये ‘विश्वास आहे’ म्हणणारे पुष्कळ होते, पण त्यांचे ‘लोक’ बरेचसे ओळखीचेच होते. म्हणून कुटुंब, शेजारी, ओळखीचे, पहिल्यांदा भेटलेले, दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या देशाचे असं वेगवेगळं विचारा. आपल्याकडे दुसऱ्या जातीचे आणि शेजारच्या गावचे हेही घाला.

प्रश्न नको, पैशांचा खेळ घेऊ, असं काहींना वाटतं. 1995 साली बर्ग, डिकहॉट आणि मॅकेब या अभ्यासकांनी मांडलेला खेळ असा: पहिल्याकडे 10 डॉलर, तो हवे तेवढे दुसऱ्याला पाठवतो, वाटेत रक्कम तिप्पट होते, दुसरा हवं तेवढं परत करतो. पाठवलेली रक्कम म्हणजे विश्वास, असं मुलं लिहून मोकळी होतात. दानत असलेला माणूसही पाठवतो आणि जुगारी वृत्तीचाही पाठवतो. अर्थतज्ज्ञ कार्लन यांच्या 2005 च्या पेरूमधल्या अभ्यासात खेळात जास्त परत करणाऱ्यांनी पुढे कर्ज नीट फेडलं. जास्त पाठवणाऱ्यांची बचत मात्र कमी होती आणि कर्ज थकण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे सहकार्याचा अंदाज बांधायचा तर परत करणाऱ्या हाताकडेही बघावं लागतं. परतीची अपेक्षाच नसलेली एक वेगळी फेरी घ्या, म्हणजे दानतीचा भाग बाजूला काढता येतो.

‘गटात कर्जफेड चांगली, म्हणून गटात विश्वास आहे’ हे वाक्य मी प्रत्येक प्रबंधात खोडतो. बचत गटात दर महिन्याला बैठक असते, वही सगळ्यांसमोर वाचली जाते, उशिराला दंड असतो, आणि थकवणारीला रोज त्याच गल्लीतून जायचं असतं. जपानी अभ्यासक तोशिओ यामागिशी यांनी विश्वास आणि हमी यांत फरक केला तो यासाठीच. समोरच्याला फसवणं परवडणार नाही, हे माहीत असणं ही हमी. फसवणं शक्य असूनही तो फसवणार नाही असं वाटणं हा विश्वास. मी बायकांना विचारतो, “वही नसती, दंड नसता, तर दिले असते का हिला पाच हजार?” या प्रश्नावर ज्या गप्प होतात, त्यांच्याशी पुढचा तासभर बोलणं मला शंभर फॉर्मपेक्षा मोलाचं वाटतं. सहकार्यातूनही विश्वास वाढतो, तेव्हा जमलं तर गट सुरू होण्याआधी एकदा मोजून ठेवा.

दोन पर्यायांच्या प्रश्नाची उत्तरं चार पायऱ्यांच्या (पूर्ण, थोडा, फारसा नाही, अजिबात नाही) उत्तरांशी जोडू नका. सरकारवरचा विश्वास माणसांवरच्या विश्वासाच्या बेरजेत धरू नका. चोरीचे प्रश्न विश्वासाच्या प्रश्नाआधी नकोत.

आणि चारचौघांत विचारू नका. शेजारीण ऐकत असताना शेजाऱ्यांबद्दल एकच उत्तर मिळतं. मी झाकणाचे दोन डबे नेतो, एकावर हिरवी पट्टी, एकावर लाल. बाईंच्या हातात एक खडा देतो, प्रश्न वाचतो आणि खडा पडल्याचा आवाज येईपर्यंत पाठ फिरवून उभा राहतो.