झाडं रात्रीच श्वास घेतात? अकरावीच्या वर्गात अध्यापन-संशोधन कसं करावं

"वनस्पती श्वसन कधी करतात?" असं अकरावीच्या तुकडीला विचारलं की "रात्री" हे उत्तर हमखास येतं, तेही चांगल्या मार्कांच्या मुलांकडून. खरं तर श्वसन दिवसरात्र चालू असतं. शिक्षक पुन्हा समजावतात, मुलं माना डोलावतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि बारावीत तीच चूक पुन्हा डोकं वर काढते. ही चूक कुठून येते आणि कशाने जाते हे पुराव्यानिशी शोधणं, हा जीवशास्त्र-शिक्षण संशोधनाचा विषय. अमेरिकेत या कामासाठी २०१० साली सेबर (सोसायटी फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ बायोलॉजी एज्युकेशन रिसर्च) ही संस्था स्थापन झाली. तिचा भर मुख्यतः पदवीच्या वर्गांवर आहे. ठाणे-नवी मुंबईतले चार-पाच शिक्षक मिळून असंच काम कनिष्ठ महाविद्यालयात करू शकतात.

सुरुवात "नवी पद्धत आवडली का?" अशा प्रश्नावलीने करू नका. आवडणं आणि कळणं यांचा संबंध फार सैल असतो. एकच संकल्पना घ्या. अख्खा प्रकाशसंश्लेषणाचा धडा नको. "वनस्पतींचं श्वसन दिवसा चालू असतं का", एवढंच.

पहिली फेरी चिठ्ठ्यांची. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, प्रत्येकाला एक द्या, फळ्यावर प्रश्न लिहा आणि सात मिनिटं द्या. पर्याय द्यायचे नाहीत. "कारण लिहा" हे मात्र सांगायचंच. साठ-सत्तर चिठ्ठ्या पुरेशा होतात. नंतर टेबलावर सारख्या कारणांचे ढीग लावा. "दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन" हा एक ढीग. "पानं श्वास घेतात, मुळं नाही" हा दुसरा. "रात्री झाडाखाली झोपू नये म्हणतात" किंवा "पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो" असं लिहिणारी मुलं सापडतात, तो तिसरा. ही घरातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली माहिती, पुस्तकातली नव्हे. कुठल्याच ढिगात न बसणाऱ्या चिठ्ठ्या फेकू नका, वेगळ्या ठेवा.

इथे भाषेची एक गोम आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या मनात श्वसन आणि श्वासोच्छ्वास यांची गल्लत असते: श्वसन म्हणजे नाकातोंडातून हवा आत-बाहेर, पेशीत अन्नातून ऊर्जा मोकळी होणं नव्हे. "खत म्हणजे झाडाचं अन्न" हा शेतीतला वाक्प्रचारही असाच नडतो. म्हणून प्रश्न इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही छापा, आणि मुलाने कोणत्या भाषेत उत्तर दिलं याची नोंद ठेवा. इंग्रजी प्रश्नपत्रिकांचं भाषांतर करून वापरलेल्या चाचण्या आपल्याकडे फसतात त्या बहुधा इथेच.

आता ढिगांवरून दोन पायऱ्यांचा प्रश्न तयार करा. पहिल्या पायरीवर उत्तर, दुसरीवर कारण. चुकीची कारणं तुमच्या डोक्यातून काढू नका, मुलांच्या चिठ्ठ्यांतली वाक्यं जशीच्या तशी घ्या. शिक्षकाने रचलेला चुकीचा पर्याय मुलांना ओळखू येतो आणि तो कुणी निवडतच नाही. शेवटी "यापैकी नाही, माझं कारण..." अशी मोकळी ओळ ठेवा. दोन्ही पायऱ्या बरोबर असतील तरच उत्तर बरोबर धरायचं.

पाठ केलेलं उत्तर ओळखायचं तर एक नवखा प्रसंग हवा, आणि तो आपल्या खाडीतच आहे. तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात. "ही मुळं वर का येतात?" खाडीच्या चिखलात ऑक्सिजन फार कमी, आणि मुळांच्या पेशींना श्वसनासाठी तो लागतो, सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. "प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड घ्यायला" असं लिहिणाऱ्या मुलाला श्वसनाची व्याख्या पाठ असली तरी श्वसन कळलेलं नाही. मुळं प्रत्यक्ष दाखवायची तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सोयीचं. ओहोटीची वेळ बघून जा, भरतीत मुळं पाण्याखाली जातात.

छापायच्या आधी पाच-सहा मुलांना एकेकटं बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि विचार बोलून दाखवायला सांगा. प्रत्येकी पंधरा मिनिटं. मूल अडखळलं तर मदत करायची नाही, फक्त "अजून सांग". हे काम शिक्षकाला सगळ्यात जड जातं, कारण समजावण्याची सवय सुटत नाही.

चाचणी तीनदा घ्या: धड्याआधी, धडा संपल्यावर आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी. सहामाहीच्या आदल्या आठवड्यात घेतली तर घोकंपट्टी मोजली जाईल. चिठ्ठीवर नाव किंवा रोल नंबर नको, खुणेचा कोड हवा: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि स्वतःच्या जन्मतारखेतला दिवस. लिपी आधीच ठरवून द्या, नाहीतर एकच मूल एकदा "सु१४" आणि पुढच्या वेळी इंग्रजी अक्षरं लिहितं आणि जोडी जुळत नाही. तुलना फक्त जुळलेल्या जोड्यांची करायची. गळालेली मुलं किती आणि कोणत्या बॅचची, हेही लिहा. नीट-सीईटीच्या क्लासमध्ये तो धडा आधीच झालाय का, हे विचारणारी एक ओळ चिठ्ठीत हवीच. तो फरक तुमच्या शिकवण्याच्या खात्यावर जमा होऊ नये.

मुलं अठरा वर्षांखालची आहेत, त्यामुळे प्राचार्यांची परवानगी, पालकांचं संमतिपत्र आणि मुलाची स्वतःची संमती, तिन्ही लेखी घ्या. चिठ्ठ्या गोळा करायला गटातले दुसऱ्या कॉलेजचे शिक्षक येऊ देत. स्वतःच्या सरांना "नाही" म्हणणं मुलांना जमत नाही.

मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे करायचं. समजा ४० चिठ्ठ्यांपैकी ३४ वर दोघांचं जुळलं, म्हणजे ०.८५. पण नुसत्या योगायोगानेही काही जुळणारच. दोघांनीही निम्म्या चिठ्ठ्यांना "गैरसमज आहे" अशी खूण केली असेल तर योगायोगाचा वाटा ०.५, आणि कोहेनचा काप्पा, म्हणजे योगायोग वगळून दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा, (०.८५ − ०.५) ÷ (१ − ०.५) = ०.७. चालण्याजोगा आहे, पण न जुळलेल्या सहा चिठ्ठ्यांवर बसून बोला. वर्गीकरणातल्या प्रकारांच्या व्याख्येतला ढिसाळपणा तिथेच दिसतो.

आधी-नंतरच्या फरकासाठी नुसती टक्केवारी पुरत नाही. जोड्यांमध्ये चुकीवरून बरोबरवर गेलेले १६ आणि बरोबरवरून चुकीवर आलेले ४ असतील, तर मॅकनेमार चाचणी लावा, त्याच मुलांच्या आधी-नंतरच्या उत्तरांतला बदल तपासणारी ही संख्याशास्त्रातली चाचणी: फरक १२, त्यातून १ वजा, ११ चा वर्ग १२१, भागिले २० म्हणजे ६.०५. हा आकडा ३.८४ या ठरलेल्या सीमेच्या वर आहे, म्हणजे निव्वळ योगायोग असता तर एवढा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. मात्र तो बदल तुमच्या पद्धतीमुळेच झाला, हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी नेहमीच्या पद्धतीने शिकलेली दुसरी तुकडी हवी. ते चौघे उलट का गेले, हेही विचारा. ती मुलाखत बऱ्याचदा सोळाजणांपेक्षा जास्त शिकवते.

गटाची नोंदणी करायची घाई नको. सोसायटी नोंदणी कायद्याला किमान सात जण लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं आणि दरवर्षीचे हिशेब; एक अभ्यास पुरा होईपर्यंत महिन्यातून एक बैठक आणि एक सामायिक वही पुरते. वाचायला 'सीबीई—लाइफ सायन्सेस एज्युकेशन' हे नियतकालिक मोफत आहे; त्यातल्या निष्कर्षांपेक्षा चाचणी कशी बनवली तो भाग आधी वाचा. आणि काम दाखवायला लांब जावं लागत नाही: वाशीचा खाडीपूल ओलांडला की पुढचं स्टेशन मानखुर्द, तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांची एपिस्टेम ही परिषद २००४ पासून विज्ञान-शिक्षणाच्या संशोधनासाठीच भरते. तिथे पोस्टर लावायचं ठरलं, तर आलेखाशेजारी मुलांच्या दोन-तीन चिठ्ठ्यांचे फोटो, त्यांच्याच अक्षरात, कोड झाकून लावा.