हेडलाईटमध्ये पाणी शिरलंय? पासिंगआधी या चुका टाळा

गगनबावड्याकडून पाऊस आत सरकला की कोल्हापुरात उद्यमनगरला माझ्या गॅरेजच्या दारात गाड्या लागतात. तक्रार एकच, दिव्यात पाणी. आणि प्रत्येकाचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, उद्या सकाळी.

आधी पाणी आणि वाफ यातला फरक ओळखा. काचेच्या कोपऱ्यात आतून पातळ धुकं धरलं आणि लाईट लावून अर्धा तास गाडी पळवल्यावर ते गेलं, तर दिव्याला हात लावू नका. हवा आत-बाहेर व्हावी म्हणून दिव्याच्या मागं ब्रीदर दिलेलेच असतात. थेंब ओघळत असतील, तळाला पाणी डुचमळत असेल, तर मात्र काम निघालं.

आता माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक: दिव्याला भोक पाडणं. एक वडापवाला, म्हणजे शेअर प्रवासी गाडी चालवणारा, पोरगा होता. गाडी आठ वर्षांच्या वरची, म्हणजे पासिंग दरवर्षी. कुणीतरी अक्कल दिली म्हणून पठ्ठ्यानं खिळा तापवून दोन्ही हेडलाईटला खालून दोन-दोन भोकं पाडली. पाणी निथळलं, गडी खूश. पासिंगला गाडी चकाचक पाहिजे म्हणून सकाळी वॉशिंग सेंटरवर नेली आणि खालून प्रेशर मारून घेतलं. त्याच भोकांतून चिखलाचं पाणी वर चढलं. तपासणीला लाईट लावली तर उजेड कंदिलासारखा चहूकडं फाकलेला. गाडी परत पाठवली.

"मामा, काय तरी करा की, धंदा बुडाय लागलाय."

दिवा उतरवून मागं बघितलं तर बल्बवरचं रबर बूटच गायब. साहेबांनी पंखावाला एलईडी बसवला होता. त्याच्यावर बूट बसेना म्हणून काढून फेकला! पाणी तिथनं येत होतं. शिवाय साध्या ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बनं काच तापते आणि थोडीफार ओल आपोआप सुकते. एलईडीनं काच तेवढी तापत नाही. रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीचा, मुलामा तोवर चट्ट्याचट्ट्यांनी उडाला होता. एका रबरापायी दोन नवे दिवे घ्यावे लागले.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. शिकाऊ होतो, चुलत्यांच्या गाडीचा दिवा बाथरूमला लावतात त्या सिलिकॉननं गच्च बंद केला. त्याला आंबट वास येतो ना, ते ॲसिटिक ॲसिड असतं. सुकताना त्याची वाफ दिव्यात कोंडते आणि रिफ्लेक्टर नि बल्बच्या पिना खाते. काही महिन्यांत रिफ्लेक्टर जुन्या जर्मनच्या पातेल्यासारखा काळपट पडला. वर मी ब्रीदरही बुजवले होते, आतली ओल आतच. चुलते अजून काढतात तो विषय. आता मी ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी लावतो, सिलिकॉन लागलंच तर बिनवासाचं न्यूट्रल. आणि आतून ठणठणीत कोरडं झाल्याशिवाय काहीच लावत नाही.

बाकीच्या चुकांवर जास्त बोलत नाही. रिफ्लेक्टर फडक्यानं पुसू नका, मुलामा निघतो. काचेला पेट्रोल, थिनर लावू नका, पॉलिकार्बोनेटला तडे जातात. हीट गननं काच वितळवून आणणारे वर्षाला दोन-तीन भेटतातच. सिलिका जेलच्या पुड्या आत सोडून विसरू नका. टेललाईटची काच बहुतेक गाड्यांत वितळवून जोडलेली असते, ती उचकटायला गेलात तर फुटणार. तिथं होल्डरमागचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली रबरी चकती, बघा.

माझी पद्धत सांगतो, कुणाला हळू वाटली तर वाटू दे. दिवा उतरवायचा, मागं बल्बच्या जागा बंद करायच्या, सांध्यावर साबणाचं पाणी फिरवायचं आणि ब्रीदरमधून नळीनं हलकं फुंकायचं. बुडबुडा आला की गळती सापडली. मग बल्ब, टोपणं सगळं काढून तोंड खाली करून रात्रभर पंख्यासमोर ठेवायचा. जुलैत कोल्हापुरात ऊन कुठलं मिळायला? फार घाई असेल तर हेअर ड्रायर, तोही मंद. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे दिवे मी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं विसळले होते, नळाच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात.

हे सगळं एका संध्याकाळी होत नाही. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीच्या मालकाला तर पासिंगची तारीख कधीपासून माहीत असते, तरी तो आदल्या दिवशी सहा वाजता येतो आणि "पटकन करा" म्हणतो.

दिवा बसवल्यावर पाइपनं दहा मिनिटं पाणी मारून भिंतीवर उजेड बघतो. पाइप मात्र गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. भिजू दे जरा.