ट्यूबाच्या अनवट चिजा शोधताना

कोल्हापुरात लग्नाच्या वरातीत मी आठ वर्षं ट्यूबा वाजवला, म्हणजे बँडातलं सगळ्यात खालच्या सुरांचं ते मोठं पितळी वाद्य. बँडात ट्यूबा कुणी म्हणत नाही, ‘बेस’च म्हणतात. बेसवाल्याचं काम काय, तर ठोक्यावर पों-पों करायचं. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडला पोचेपर्यंत तेच दोन सूर! पुढं पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षेला बसायचं ठरवलं, सोलो म्हणजे मुख्य वादक म्हणून वाजवायची वेळ आली, आणि गाडी तिथं अडली.

ट्यूबासाठी काय लिहिलंय असं कुणालाही विचारा, दोनच नावं पुढं येतात: व्हॉन विल्यम्सचा १९५४चा कॉन्चेर्टो आणि हिंडेमिथचा १९५५चा सोनाटा. रचना दोन्ही नंबरी. पण एकीला ऑर्केस्ट्रा लागतो, दुसरीला तयारीचा पियानोवादक. कोल्हापुरात पेटीवाले गल्लीगणिक भेटतील; हिंडेमिथची पियानोची बाजू सांभाळणारा मला तरी भेटला नाही.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांनी आधी साथीशिवायच्या रचना धुंडाळाव्यात. व्हिन्सेंट पर्सिकेटीचं सेरेनेड क्रमांक १२ (१९६१) हे सहा छोट्या तुकड्यांचं आहे. एका वेळी एकच तुकडा बसवा, काही बिघडत नाही. माल्कम अर्नल्डची फँटसी १९६९ची. पेंडेरेत्स्कीचं काप्रिचो (१९८०) नुसतं ऐकून ठेवा, हात आत्ताच लावू नका. मी लावला आणि आठवडाभर ओठ सुजवून बसलो.

आता खरी युक्ती. ‘ट्यूबा सोलो’ असं शोधलं की तीच ती यादी पुन्हा पुढ्यात येते. त्यापेक्षा वादकाचं नाव धरा. ट्यूबासाठी आपणहून लिहिणारे संगीतकार थोडेच. बऱ्याचदा एखाद्या वादकानं मागं लागून लिहून घेतलेलं असतं. ते काप्रिचो ज़्जिस्लाव पिएर्निकसाठी झालं. विल्यम क्राफ्टचं ‘एन्काउंटर्स २’ (१९६६) रॉजर बोबोसाठी. ॲलेक वाइल्डर तर हार्वी फिलिप्ससाठी लिहीत राहिला. एक नाव धरलं की त्याच्या रेकॉर्ड, त्याचे कार्यक्रम, त्याला अर्पण केलेल्या रचना असा धागा उलगडत जातो. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. अल्लादिया खाँसाहेबांचं गाव आपलं. अनवट राग हवा असेल तर आपण रागांची यादी चाळत बसत नाही, तो कुणाच्या गळ्यात आहे ते विचारतो.

छापील नोटेशन मागवताना मात्र डोळे उघडे ठेवा. क्लेफ म्हणजे ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह, कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारं; ट्रेबल उंच सुरांचं, बास खालच्या सुरांचं. मी पहिल्यांदा मागवलेली प्रत ट्रेबल क्लेफमधली, ब्रास बँडवाल्यांसाठीची निघाली. विकणाऱ्यानं पानावर तसं लिहिलंच नव्हतं आणि परत घ्यायलाही तयार नव्हता. पैसे गेले म्हणून हळहळलो. मग कळलं की ई फ्लॅट (कोमल ई) सुरातल्या ट्यूबासाठीची ट्रेबल क्लेफची प्रत बास क्लेफ समजूनच वाचायची; स्वर त्याच रेघांवर बसतात, फक्त सुरुवातीला तीन फ्लॅट (स्वर कोमल करणारी चिन्हं) वाढवायचे. मधे कुठं शार्प-फ्लॅट आले की तेवढं जपायचं. ही युक्ती बी फ्लॅट ट्यूबाला चालत नाही, बरं का.

वाजवायला घेण्याआधी रचनेतला सगळ्यात खालचा सूर तपासा. बँडातला जुना, तीन व्हॉल्व्हचा (बोटानं दाबायच्या कळांचा) ई फ्लॅट ट्यूबा असेल तर तिन्ही व्हॉल्व्ह दाबून ए मिळतो, तोही चढाच. त्याखाली थेट पेडल ई फ्लॅटपर्यंत, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता निघणाऱ्या सगळ्यात खालच्या सुरापर्यंत, खड्डा. चौथा व्हॉल्व्ह नसेल तर तो खड्डा नुसत्या ओठांनी नीट भरणं अवघड. माझ्या निम्म्या चिजा याच पायरीवर गळाल्या. उरलेली भर दुसऱ्या वाद्यांच्या घरातून आणली: गॅलियार्डचे बसून या लाकडी फुंकवाद्याचे सोनाटे, मार्चेल्लोचे चेलोचे. या जुन्या रचना इंटरनेटवर फुकट मिळतात. बाखचे चेलो सूटही (छोट्या तुकड्यांच्या मालिका) मिळतात, पण त्यात श्वास कुठं घ्यायचा हे पेन्सिलीनं आधीच ठरवून ठेवा.

वाइल्डरच्या एका सूटमध्ये एफी नावाची हत्तीण आहे. माकडामागं धावते, प्रेमात पडते, शेवटी अंगाई गाते. त्याला पियानोची साथ आहे. पेटीवाल्या मित्राला अंगाईचं पान दाखवलं तर म्हणाला, “डाव्या हातानं भाता मारू का हे वाजवू?” मग पियानोच्या डाव्या हाताचं सगळं गाळलं, कारण खाली मी होतोच. उरलेलं त्यानं उजव्या हातात बसवलं. सध्या आम्ही दोघं तेवढं एकच पान वाजवतो.