फेनवे पार्कला पहिल्यांदा जाताय? मग असं करा

बॉस्टनला कुणाकडे आला असाल किंवा नुकतेच राहायला आला असाल आणि बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसेल, तरी इथल्या रेड सॉक्स टीमची एक मॅच फेनवेला जाऊन बघाच. आणि अगदी मॅचच्या टायमाला पोचू नका, गेट उघडलं की लगेच आत शिरा, कारण १९१२ पासूनचं ग्राउंड आहे हे, जागोजागी काहीतरी घडलेलं आहे आणि एकदा मॅच सुरू झाली की ते बघायचं राहूनच जातं.

गाडी आणू नका प्लीज, पार्किंगला वाट्टेल तेवढे पैसे मागतात. ग्रीन लाइन मेट्रोने केनमोर स्टेशनला उतरायचं आणि गर्दी जाईल तिकडे चालायचं. लॅन्सडाउन स्ट्रीटवर सॉसेजच्या गाड्या असतात, तव्यावर कांदा आणि सिमला मिरची परतत असतात, तिथेच खाऊन घ्या.

तिकीट काढताना एक बघा, ग्रँडस्टँडमध्ये छताचे खांब आहेत, नेमका समोर खांब आला तर पिचर (बॉल टाकणारा) दिसणार नाही. एप्रिलमधली संध्याकाळची मॅच असेल तर जाड जॅकेट हवंच.

आत गेलात की आधी लेफ्ट फील्डकडे बघा, ती हिरवी भिंत म्हणजे ग्रीन मॉन्स्टर. उंची ३७ फूट, आणि फाउल पोलपाशी (हद्द दाखवणारा खांब) होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, जेमतेम ३१० फुटांवर. मागे लगेच रस्ता, त्यामुळे ग्राउंडला तिकडे जागाच नव्हती. यामुळे होतं काय की दुसरीकडे आरामात कॅच झाला असता असा उंच बॉल इथे भिंतीला लागून डबल मिळतो (बॅटर सेकंड बेसपर्यंत पोचतो), आणि दुसरीकडे होमरन (थेट भिंतीपलीकडे) गेला असता असा सपाट, जोरदार फटका भिंतीवर आपटून परत येतो. म्हणून बॉल त्या बाजूला उडाला की बॅटरकडे नाही, भिंतीखालच्या फील्डरकडे बघायचं, बॉल भिंतीवरून कसा येणार हे त्याला आधीच ओळखावं लागतं.

भिंतीच्या खालच्या भागातला स्कोअरबोर्ड अजून हाताने चालतो, माणसं आत बसून आकड्यांच्या पाट्या बदलतात. त्यावरच्या उभ्या पांढऱ्या रेघांमध्ये नीट बघितलं तर टिंबं आणि डॅश दिसतील, तो मोर्स कोड आहे, जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची बायको जीन यांची आद्याक्षरं. याच यॉकींच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडू घेणारी सगळ्यात शेवटची टीम रेड सॉक्स ठरली, १९५९ मध्ये पम्प्सी ग्रीन आला तेव्हा कुठे, आणि म्हणूनच २०१८ मध्ये बाहेरच्या यॉकी वे चं नाव काढून परत जर्सी स्ट्रीट केलं. टीमवर जीव असेल तर हेही माहीत पाहिजेच.

मग राइट फील्डच्या ब्लीचर्समध्ये (बिनछताच्या बैठकीत) जा, सेक्शन ४२, रो ३७, सीट २१. आजूबाजूला सगळ्या हिरव्या आणि ही एकटीच लाल. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सचा स्टार बॅटर टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होमरन इथे पडला, तोही एका प्रेक्षकाच्या टोपीवर! तिथे उभं राहून होम प्लेटकडे बघाच, कोणी एवढ्या लांब मारू शकतो हे पटतच नाही.

आता २००४. १९१८ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची सगळ्यात मोठी फायनल, जिंकल्यावर थोड्याच काळात रेड सॉक्सने आपला स्टार बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीज टीमला विकलं आणि नंतर ८६ वर्षं वर्ल्ड सिरीज नाही. २००४ ला वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सात मॅचच्या सिरीजमध्ये त्याच यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे, चौथी मॅच इथेच, नवव्या इनिंगला एका रनने मागे, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिवेरा. आपला डेव्ह रॉबर्ट्स फर्स्ट बेसवर, सगळ्यांना माहिती की हा पळणार आणि तरी पळाला, सेकंड बेस चोरला (बॅटरने बॉल न मारताच पळत तिथे पोचला), मग बरोबरी झाली, बाराव्या इनिंगला रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून मॅच काढली आणि तिथून ओळीने आठ मॅच जिंकत वर्ल्ड सिरीज घेतली! मॅच सुरू व्हायच्या आधी ते फर्स्ट ते सेकंडचं ९० फूट अंतर नीट बघून ठेवा, म्हणजे कोणी रनर तिथून सुटला की लोक का उभे राहतात ते कळेल.

मॅचचं तिकीट नाहीच मिळालं तर ग्राउंडची टूर असते, ती तरी कराच.