म्हशीचा फोटो आणि आजीचा तीळ

पैसे घेऊन केलेली माझी पहिली ऑर्डर म्हशीच्या चित्राची होती. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देणारे एक मामा, त्यांची ही लाडकी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, शिंगं रंगवतात, अंगावर नक्षी काढतात. तसा सजवलेला फोटो मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी खूश, कारण फोटो रंगीत होता आणि म्हैस थेट कॅमेऱ्याकडं बघत होती. तीन आठवडे खपून चित्र पूर्ण केलं. मामांनी लांबून बघितलं, जवळ येऊन बघितलं आणि म्हणाले, "पेंटर, चित्र झ्याक हाय, पन ही आमची म्हस न्हवं."

त्यांचं बरोबर होतं. फोटो म्हशीच्या तोंडासमोर दोन फुटांवरून काढलेला होता. नाक दोन फुटांवर आणि शिंगांचं बूड साडेतीन फुटांवर, म्हणजे शिंगं नाकाच्या मानानं जवळजवळ निम्मीच दिसणार. मागचं धड तर शेळीएवढं झालं होतं. हेच दहा फुटांवरून काढलं असतं तर फरक आठव्या हिश्श्याएवढा राहिला असता. मी फोटोची इमानदारीनं नक्कल केली आणि तिथंच फसलो.

आर्ट स्कूलमध्ये आपल्याला समोर बसलेला माणूस बघून काम करायला शिकवतात. दोन डोळ्यांनी बघायचं, उठून बाजूनं बघायचं, कानामागं काय आहे ते वाकून बघायचं. बाहेर पडल्यावर मात्र दहातल्या नऊ ऑर्डरी मोबाइलमधल्या फोटोवरून येतात, आणि फोटो कसा मागायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. फोटोवरून चित्र करणं कमीपणाचं आहे असं कुणी म्हणालं, तर ऐकून घ्या आणि कामाला लागा. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा १९१८ च्या सुमारास याच गावात तयार केला, आणि तेही पेंटरच होते.

नव्या मुलांना माझा पहिला सल्ला: फोटो पसंत पडल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स घेऊ नका. एकदा पैसे हातात आले की वाईट फोटोसुद्धा चालवून घ्यावासा वाटतो.

शक्य असेल तर स्वतः जाऊन फोटो काढा. माणूस असो की कुत्रा, सहा-आठ फूट मागं उभं राहायचं आणि चेहरा लहान दिसला तर दोनपट झूम करायचा. पुढं सरकायचं नाही, कारण आकार बिघडतो तो अंतरामुळं. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. कुत्र्यासाठी जमिनीवर बसावं लागतं, पँट मळते, त्याला इलाज नाही. उभ्यानं खाली बघून काढलेल्या फोटोत मोठं डोकं आणि त्याखाली लोंबणारे चार पाय एवढंच येतं.

आता उजेड. सगळं काम इथं आहे, आणि गिऱ्हाइकाला नेमकं हेच पटत नाही. त्याला वाटतं, भरपूर उजेड म्हणजे चांगला फोटो. दुपारी बाराला रंकाळा तलावावर काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि कपाळ पांढरं पडतं. ट्यूबलाइटखाली, नाहीतर फ्लॅश मारून काढला तर चेहरा पोळपाटासारखा सपाट दिसतो. आपल्याला उजेड एका बाजूनं हवा. नाकाची सावली गालावर पडलेली दिसली पाहिजे आणि त्या सावलीतही गाल दिसला पाहिजे. जुन्या घरात सोपा, म्हणजे पुढची ओसरी, असेल तर काम सोपं होतं. दारापासून दोन-तीन हात आत, दाराकडं तिरकं तोंड करून बसवा आणि घरातले दिवे बंद करा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो. भिंतीचा रंगही बघा. एका घरात पोपटी भिंतीला टेकून बसलेल्या काकींच्या हनुवटीखालची हिरवी छटा मी त्वचेचा रंग समजून लावली होती.

उत्तरेकडची खिडकी उत्तम, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, कारण तिथून थेट ऊन येत नाही. पण कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तिकडंच असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन येऊ शकतं. मग पांढरा पातळ पडदा सोडायचा. पावसाळी ढग असतील तर पडदाही नको.

काळ्या कुत्र्यानं मला सगळ्यात जास्त रडवलंय. फोटोत नुसता काळा डाग येतो आणि त्यात दोन चमकते ठिपके. कुत्र्याला सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडं तोंड करून बसवा. स्क्रीनवर त्याच्या तोंडावर बोट टेकवा आणि उजेड थोडा वाढवा. मागची भिंत पांढरीफटक झाली तरी चालेल, केसांची दिशा दिसणं महत्त्वाचं. फ्लॅश कधीच नको. कुत्र्याच्या डोळ्यातल्या आतल्या पडद्यामागं उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळं डोळे हिरवे-पिवळे पेटतात आणि खरा रंग कळत नाही. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा, तो कानांवरचे केस आणि मिशा खाऊन टाकतो. जीभ बाहेर नको असेल तर फिरवून आणायच्या आधीच काढा. एकानं भाकरीचा तुकडा कॅमेऱ्याशेजारी धरायचा आणि दुसऱ्यानं भराभर तीस-चाळीस फोटो काढायचे. त्यातला एक मुख्य होतो. बाकीचे कान, पंजे, दोन्ही बाजूंचे ठिपके बघायला उपयोगी पडतात.

माणसांच्या बाबतीत माझी मोठी चूक सेल्फीमुळं झाली. नातवानं आजीबरोबर काढलेला फोटो दिला. आजी गेलेल्या होत्या आणि वर्षश्राद्धाला चित्र हवं होतं. घरी नेऊन दाखवल्यावर आजींची धाकटी बहीण म्हणाली, "तीळ हिकडं न्हवता, पलीकडच्या गालावर व्हता." पुढच्या कॅमेऱ्यानं आरशासारखी उलटी प्रतिमा जतन केली होती. फोटोत खूण होती, मीच बघितली नव्हती: आजींचा पदर उजव्या खांद्यावर होता. तेव्हापासून सेल्फी आली की मी आधी पदर बघतो, सदऱ्याचा खिसा बघतो, मागं पाटी असेल तर ती वाचून बघतो. त्या आजींचा भांग, तीळ आणि पदर पुन्हा रंगवण्यात दहा दिवस गेले. त्याचे पैसे मी मागितले नाहीत.

गेलेल्या माणसाचा फोटो बहुधा भिंतीवर, हार घातलेला, काचेवर कुंकू लावलेलं, असाच असतो. काचेवरून फोटो काढला तर खिडकी त्यात उतरते. फ्रेम उघडता आली तर उघडा. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर निघून येतो. अशा वेळी काच पुसून, फ्लॅश न मारता, मोबाइल फोटोला समांतर धरून काढा. पासपोर्ट फोटो असेल तर स्कॅन करून घ्या. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की साधारण ८०० बाय १००० पिक्सेल मिळतात, चेहऱ्याला तेवढे पुरतात.

कृष्णधवल फोटो असेल तर वर्ण विचारावाच लागतो. "जरा उजळ करा" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. मी विचारतो, घरात त्यांच्यासारखा रंग कुणाचा आहे? मग त्या माणसाचं मनगट दारातल्या उजेडात बघून रंग मिसळतो. पुढं वाद होत नाहीत.

दोन फोटोंतली माणसं एकत्र बसवायची असतील तर दोन्हीत उजेड एकाच बाजूनं येतोय का बघा. येत नसेल तर दुसरा फोटो मागा. फोटो उलटा करून जुळवायचा मोह होतो, पण मग पदर आणि तीळ पुन्हा आलेच. कोल्हापुरी साज, फेटा, नथ यांचे फोटो वेगळे, जवळून घ्या. नुसत्या अंदाजानं काढलेला साज घरातल्या बायका लगेच ओळखतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नेहमीसारखा पाठवला की बारकावे जातात. ब्यूटी फिल्टर बंद. हे सगळं मी एका मेसेजमध्ये लिहून ठेवलंय आणि ऑर्डर विचारणाऱ्या प्रत्येकाला पाठवतो. निम्मे लोक वाचत नाहीत.

मामांनी मात्र वाचला. गेल्या पाडव्याला त्यांचा नवा फोटो आला, म्हैस आडवी उभी, सकाळचं ऊन एका बाजूनं, चारी खूर फोटोत. खाली लिहिलं होतं, "धा पावलं मोजून मागं सरलोय. आता तरी आमचीच काडा."